आठ, आठ आणि मी

२ मे
आजपासून रोजनिशी. लोकप्रतिनिधीनं लिहिलीच पाहिजे, पुढं कामाला येते.

परिस्थिती अशी. आमच्या नगरपंचायतीत सतरा नगरसेवक. वीस तारखेला नगराध्यक्ष निवडायचा, सभागृहात हात वर करून. अंगदरावांच्या गटाकडं आठ हात, रत्नमालाताईंच्या गटाकडं आठ. उरला वॉर्ड नऊचा अपक्ष. म्हणजे मी! चावी माझ्या खिशात आहे.

आशाचं (सौ.) म्हणणं, दोन्ही गटांचे उमेदवार एकमेकांना पाडण्यात दंग होते म्हणून मी निवडून आलो. घरात माणसाची किंमत नसते. लोकांनी माझ्या सभ्यपणाला मत दिलं. चिकलठाण्याच्या कंपनीत इतकी वर्षं सुपरवायझर होतो, एकदाही आवाज चढवला नाही. आशा म्हणते, म्हणूनच सगळ्यात आधी व्हीआरएस तुम्हाला दिली.

संकल्प: जो वॉर्ड नऊला रोजचा टँकर लिहून देईल त्यालाच हात. नाहीतर हात वर नाही म्हणजे नाही.

४ मे
टँकर नाही. बोअरला नुसता फुफाटा. संभाजीनगर वाढत वाढत आमच्या गावापर्यंत आलं, शेतं जाऊन प्लॉटिंग झालं, रो-हाऊस झाले. पाईपलाईन तेवढी मागं राहिली.

शेजारची दगडाबाई सकाळीच दारात. व्हय रे बद्री, मत नेलंस, पाणी कवा देतूस, असं चारचौघांत विचारलं. मी हात जोडून म्हणालो, प्रयत्न चालू आहेत. त्यावर ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. वय झालंय तिचं.

६ मे
अंगदराव स्वतः घरी आले. शाल, नारळ. भाऊ, हात आमच्याकडं ना, असं विचारलं. घरी आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? हो म्हणालो. टँकरचं काढणारच होतो, पण ते चहा पीत होते.

संध्याकाळी रत्नमालाताई. शाल, नारळ. शाल पहिलीपेक्षा भारी. बाईमाणूस, त्यात एवढ्या उन्हातून आलेल्या. त्यांनाही हो म्हणालो.

आशा म्हणाली, शाली पांघरायला हिवाळा लई लांब हाय, टँकरचं काय झालं? याला मुत्सद्दीपणा म्हणतात, असं मी तिला समजावून सांगितलं. ती भांडी घासायला राख घेऊन बसली. पाणी वाचतं.

९ मे
मागच्या सभेचं अजून मनातून जात नाही. वॉर्ड बाराच्या पुंडलिकनं माईक उपटला, मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर रिकामी घागर आपटली, वर आईबहिणीवरून शिव्या. माझी मान शरमेनं खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वॉर्डात टँकर सुरू झाला, तो योगायोग.

मनावर घेतलं. ‘सभ्य वर्तनाची नियमावली’ लिहायला घेतली. कलम एक: नगरपंचायतीच्या आवारात कोणीही आवाज चढवणार नाही.

११ मे, सकाळ
अंगदरावांची गाडी दारात. अभ्यासदौरा आहे म्हणाले, महाबळेश्वरला. त्यांचे आठही जण आत बसलेले. सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत जमा केले, डोक्याला शांतता म्हणून. कल्पना चांगली आहे.

गाडी निघताना आशा दारातून ओरडली, आधी टँकर बोला! अख्ख्या गल्लीनं ऐकलं. कलम एक घरालाही लावावं का?

१२ मे, महाबळेश्वर
हॉटेलात नळाला पाणी. चोवीस तास! नळ सोडला आणि नुसता बघत उभा राहिलो. लाज वाटली, बंद केला. मग परत सोडला. आंघोळ तीनदा. घरी सांगायचं नाही.

१५ मे
आज टँकरचं बोलायचं पक्कं केलं होतं. नाश्त्याला अंगदराव खुशीत होते, म्हटलं मूड कशाला घालवा. दुपारी भडकलेले होते, मग तर प्रश्नच नाही. उद्या नक्की.

गेटवर एक धिप्पाड माणूस ठेवलाय. बाहेर पाय टाकू देत नाही. फार काळजी घेतात आमची.

१७ मे
उद्या नक्की. नियमावली सत्तावीस कलमांची झाली. अंगदरावांना वाचून दाखवली. सातव्या कलमाला त्यांना झोप लागली. किती धावपळ करतात बिचारे!

१९ मे, परतीच्या गाडीत
विचारलं! घाट उतरताना एकदम विचारून टाकलं. अंगदराव म्हणाले, बद्रीभाऊ, ते आता ताईंना विचारा, आमचं त्यांचं कालच मिटलं. सव्वा वर्ष ताई नगराध्यक्ष, सव्वा वर्ष मी. बिनविरोध.

म्हणजे मतदानच नाही. म्हणजे माझा हात...

गाडीत सगळे हसले. मीही हसलो. न हसणं बरं दिसलं नसतं.

२० मे
ताई बिनविरोध. गुलाल. हात कोणी मागितलाच नाही. केस सारखे करायला म्हणून मीच दोनदा वर केला.

टँकर दोन्ही गटांनी आपापल्या वॉर्डात वाटून घेतले. वॉर्ड नऊचं बोलणारं तिथं कोणी नव्हतं. मी होतो, पण गुलाल उडत असताना रडगाणं काय गायचं?

मात्र नियमावली एकमतानं मंजूर! शिस्त समितीचा अध्यक्ष मी. दोन्ही गट भांडण विसरून एकत्र आले ते कोणामुळं, हे मी माझ्या तोंडानं सांगायला नको. घरी सांगितलं. आशानं विचारलं, खुर्चीला नळ हाय का?

२४ मे
आमच्या वॉर्डातल्या बायका रिकामे हंडे वाजवत नगरपंचायतीत आल्या. सगळ्यात पुढं आशा, सगळ्यात मोठा आवाज आशाचा. मुख्याधिकारी घाबरून खाली यायला निघाले. खरंच निघाले होते, जिन्यात मी डोळ्यांनी बघितलं. तेवढ्यात ताई म्हणाल्या, कलम एक. अंगदरावही म्हणाले, कलम एक, शिस्त समितीनं बघावं. साहेब जिन्यातूनच परत फिरले.

मला जावं लागलं. हात जोडून म्हणालो, भगिनींनो, कृपया आवाज खाली घ्या. आशा माझ्याकडं बघतच राहिली. दगडाबाईनं तोंड उघडलं होतं, तिलाही तिनं हातानं थांबवलं. चला गं, म्हणाली. बायका गेल्या, शिपायानं फाटकाला कुलूप घातलं आणि मला नमस्कार केला.

नियम ह्यासाठी लिहिला नव्हता. कशासाठी लिहिला होता, तेही नीट आठवत नाही.

२५ मे
राजीनामा लिहिला. तडक ताईंच्या घरी गेलो. त्यांनी सरबत दिलं, बर्फ घालून. राजीनामा खिशातच राहिला. सरबत पिऊन झाल्यावर लगेच कसा काढायचा?

२७ मे
सकाळी आशानं दोन हंडे हातात दिले. पुंडलिकच्या वॉर्डात टँकर आलाय, जा, म्हणाली. गेलो. पुंडलिक टँकरवरच उभा होता. लाईन सोडा बद्रीभाऊ, डायरेक्ट पुढं या, असं त्यानं वरून हाका मारून सांगितलं. असं घुसणं मला जमत नाही. लाईनीतच थांबलो. एका म्हातारीनं विचारलं, मी पुढं व्हऊ का? व्हा म्हणालो. मग एक लेकुरवाळी. व्हा. नंतर नंतर कोणी विचारेनासंच झालं. माझा नंबर आला तेव्हा पाईपातून फुस्स हवा.

आशा दारातच होती. मी वाटेनं दोन-तीन कारणं जुळवून ठेवली होती. तिनं विचारलंच नाही. हंडे घेतले, आवाज न करता जागेवर ठेवले. बसा, उन्हातनं आलात, म्हणाली. माठ तिरपा करून तळाचं पाणी तांब्यात काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

एकदा ओरडली असती तर बरं झालं असतं.