दोघांच्याही जागी

प्रिय दादा,

आज तुला बाबांच्या ट्रस्टवरून काढायला मी कोर्टात गेले आणि न्यायाधीशांनी मलाही काढलं. "तुम्हा भावाबहिणीच्या भांडणात अंध मुलींच्या वसतिगृहाचं छप्पर तीन वर्षं गळतंय. दोघांच्याही जागी दुसरे विश्वस्त नेमतो," असं ते म्हणाले. आपले सगळे अधिकार आता वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई आणि एक निवृत्त इंजिनिअर वापरणार.

बाहेर बाकावर बसून बाईंनी पिशवीतून छपराच्या दुरुस्तीचा जुना अर्ज काढला. त्यावर तुझी सही होती, गेल्या वर्षीची. शेजारची माझी जागा कोरी.

"हा मला का नाही दाखवलात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"दाखवला होता, ताई. दादांची सही दिसली आणि तुम्ही न वाचताच परत केलात."

मला आठवलं.

हे तुला तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहितेय, आणि हे पत्रही टाकणार नाही. पण दादा, आता आपल्यात भांडायलासुद्धा काही उरलं नाही रे. तुला फोन करायचा, तर कुठल्या निमित्ताने करू?

तुझी,
धाकटी