मूठ सुटते तिथे

इंझोरी,
मंगळवार

प्रिय अल्ताफ,

तुझा गोल्फ खेळतानाचा व्हिडिओ परवापासून किती वेळा पाहिला, मोजलं नाही. तू फोनवर हसत म्हणालास, "अम्मी, बॅकस्विंग बिघडला माझा. बारा तारखेच्या परीक्षेत पास झालो तर शिकवणारा होईन, नाहीतर पुन्हा लोकांच्या बॅगा वाहीन." तू सहज बोलून गेलास. मी मात्र व्हिडिओ पाहिला तेव्हापासून घाबरले आहे. फोनवर हे सगळं सांगून होणार नाही, म्हणून लिहिते. तुझ्या शाळेच्या पुस्तकांवरून जी अक्षरं गिरवली, ती अशा कामाला लागतील असं वाटलं नव्हतं.

गोल्फ मला कळत नाही. मारणं कळतं. तुझ्या अब्बांच्या भट्टीवर अकरा वर्षं मी घण मारला. ते डाव्या हातातल्या सांडशीत लाल लोखंड धरायचे, उजव्या हातातल्या हातोडीनं टिचकी मारून जागा दाखवायचे, आणि मी नेमका तिथंच घाव घालायचा. पहिल्या महिन्यात घण कधी ऐरणीवर, कधी सांडशीवर. ते ओरडायचे, "अमीना, लोखंडाले मार, माह्या हाताले नको!" मग त्यांनीच शिकवलं. घाव खाली येताना चुकत नाही, वर नेतानाच चुकतो. नुसते हात उचलायचे नाहीत, खांदा आणि कंबर वळू द्यायची. डोकं हलवायचं नाही, नजर टिचकीच्या जागेवर. वर गेल्यावर घाई करायची नाही, घणाला जरा दम खाऊ द्यायचा. विळा पाजवायला येणारा शालिग्राम चिडवायचा, "भाभी, घण मारून राह्यल्या का पाळणा हालवून राह्यल्या?" अब्बा म्हणायचे, "हालवू दे. तिचा घाव चुकत नाही. तुवा तर वावराच्या धुऱ्यावरचं गवतही धड कापलं नाही कधी."

तुझ्या व्हिडिओत मी हे सगळं शोधलं. एकदा चेंडू सरळ गेला, दोनदा नुसती माती उडाली, एकदा तो गवतावरून सरपटत गेला. काठी मागे नेताना, तुझ्या त्या बॅकस्विंगमध्ये, तू घाई करतोस, हे खरं. तेवढंच असतं तर मी हसले असते. पण काठी डोक्याच्या वर गेली की तुझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दांड्यावरून सुटतं. तुझ्या बहिणीनं, नाजिशनं, मला व्हिडिओ थांबवायला शिकवलं आहे. कशासाठी, ते तिला सांगितलं नाही. जिथं थांबवते, तिथं बोटं उघडीच दिसतात.

तुझे सर म्हणतात, मूठ आवळ. त्यांचं खरं असेल. पण ईदला तू नाजिशकडून बाहीचं बटण लावून घेतलंस आणि म्हणालास, सराव जास्त झाला, बोटं थकली. मी शेवया वाढत होते. तेव्हाच मनात काहीतरी खटकलं होतं, मीच ते झटकून टाकलं.

तू सहा वर्षांचा होतास त्या वर्षी माझे घाव चुकायला लागले. मला वाटलं, माझाच हात बिघडला. मी घण आणखी सावकाश नेऊ लागले. मग लक्षात आलं, मी घण वर नेला की अब्बांची सांडशी ढिली पडते आणि लोखंड फिरतं. त्यांचीही तीच दोन बोटं. मी सांडशीला चिंधी गुंडाळून दिली आणि वर करवादले, "जरा आवळून धरा न जी!" ते बिचारे आवळायचे. आवळल्या जायचंच नाही. असं एक वर्ष आम्ही घालवलं. आधी बोटं गेली, मग हात, मग घास उतरेना, मग श्वास. तुला सांगितलं, अकोल्याला तापानं गेले. ताप नव्हता. आणि त्यांचे मोठे भाऊ खालिद, ज्यांना तू पाहिलं नाहीस, तेही असेच गेले होते. नाजिशचा निकाह व्हायचा होता. घरात असं काही आहे हे कळलं तर कोण येईल, म्हणून सगळ्यांनी तोंड बंद ठेवलं. सगळ्यांत घट्ट मी.

तुझं काही वेगळंही असेल. मानेची नस दबली असेल, नुसती सवयही असेल. रोज नमाजानंतर तेवढंच मागते. पण परीक्षेआधी नसांच्या मोठ्या डॉक्टरांकडे जा, मूठ आवळत बसू नकोस. मी शुक्रवारी कारंज्याहून पुण्याच्या गाडीत बसते, नको म्हणू नकोस. मी पोचण्याआधी नंबर लागला तर एकटा आत जा, आणि डॉक्टर विचारतील त्याचं उत्तर तुझ्याजवळ असावं म्हणून हे पत्र. ते विचारतील, घरात हे आधी कोणाला होतं का. अकोल्याच्या डॉक्टरांनी मलाही हेच विचारलं होतं. मी नाही म्हणाले होते. तू हो म्हण.

तुझीच,
अम्मी