वजा केलेली उष्णता

मंगळवार, ४ मार्च

परवाच्या नोंदीत चूक आहे. दुरुस्त करते. तिथे लिहिलंय, 'आमचं घड्याळ जवळजवळ काहीच उष्णता वाया घालवत नाही.' घड्याळ घालवत नाही, हे खरं. पण त्याची टिकटिक ऐकणारं यंत्र घालवतं, आणि ते मी धरलंच नव्हतं.

नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच कळायचं नाही. नखाएवढी चिप, बर्फापेक्षा कितीतरी थंड. तिच्यात दोन खळगे. इलेक्ट्रॉन या खळग्यातून त्या खळग्यात उडी मारून बाहेर पडला की एक टिक. त्या उडीला ऊर्जा इतकी कमी लागते की शून्यं मोजताना माझं बोट चुकतं. पण उडी झाली हे कळायला शेजारी अॅम्प्लिफायर लागतो. तो दिवसभर चालू. त्याची उष्णता मी 'आजूबाजूची' म्हणून वजा केली. तक्त्यात तसा रकानाच आहे.

आज सहज भागाकार केला. ऐकायला लागतं ते टिकटिकण्याच्या शंभर कोटी पट.

आणि वीस तारखेच्या परिषदेचं पोस्टर छापून झालंय. 'सर्वांत काटकसरी घड्याळ.' खाली नावं, त्यांत पहिलं माझं. आमच्या घरातलं छापून आलेलंही ते पहिलंच. लाइटबिलावर वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, येतं, पण ते चुकीचं येतं.

बुधवार, ५ मार्च

दशांशदादाला सांगितलं. हा माझा प्रयोगशाळेतला सीनियर. चहा किती हवा विचारलं तरी तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतो, म्हणून हे नाव.

'अगं, सगळेच वजा करतात,' म्हणाला. 'तो रकाना मी आलो तेव्हापासून आहे.'

मी म्हटलं, 'पण जे वाचताच येत नाही ते घड्याळ कसलं?'

'मग खोलीचा एसी धर. दिवे धर. माझा श्वासही धर.'

चेष्टेत म्हणाला. घरी येऊन धरला. माणूस बसल्या जागी साधारण शंभर वॅट उष्णता देतो. दशांशदादा बसल्या जागीच असतो — हे वाक्य अन्यायाचं आहे. काल तो एकदा उठला होता.

गुरुवार, ६ मार्च

भागाकार पुन्हा केला. तेच.

शुक्रवार, ७ मार्च

पुन्हा चार वेळा. एकदा वेगळं उत्तर आलं. इतका आनंद झाला! एक शून्य खाल्लं होतं.

शनिवार, ८ मार्च

बाईंच्या खोलीपर्यंत गेले. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. त्या कधी ओरडत नाहीत, नुसता चष्मा काढतात. तेच जास्त भारी पडतं.

'काय गं, काही काम होतं?'

मी म्हटलं, 'किती वाजले विचारायला आले होते.'

घड्याळाच्या प्रयोगशाळेत! बाईंनी भिंतीकडे पाहिलं. 'हे बंद आहे. बाहेर शिपायाला विचार.' मी वळले तर मागून म्हणाल्या, 'आणि ऐक. वीस तारखेला पोस्टरपाशी तूच उभी राहा. लोकांना तूच समजावून सांग. काम तुझं आहे.'

शिपायाला वेळही विचारली. निदान तेवढं तरी खोटं राहायला नको.

रविवार, ९ मार्च

आण्णा हॉस्पिटलच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळतात. त्यांनी पोस्टरची एक प्रत मागून नेली, वाफेने खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून बॉयलरशेजारी लावली. त्यांना वाचता येत नाही. माझं नाव मात्र आकारावरून ओळखतात. चादरी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणतात, 'डोळ्याला चष्मा नाही ना? मग वाच बरं जरा.' एका वॉर्डबॉयने तीनदा वाचलंय.

आज जेवताना नव्या साहेबावर तापले होते. 'दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी बघा म्हणतो. बघायची म्हणजे नळीचा कॉक उघडायचा, गरम पाणी नि वाफ फुस्स. महिन्याचं जळण वीस दिवसांत संपलं, तर मलाच विचारतो बॉयलर बिघडला का. बॉयलर ठणठणीत आहे. बघण्यालाच जळण लागतंय, त्याला काय करू?'

माझा घास तोंडातच राहिला. आई म्हणाली, 'मीठ जास्त झालंय का?'

सोमवार, १० मार्च

भागाकार केला नाही. एकदाच केला.

मंगळवार, ११ मार्च

आज दोघांना सांगून टाकलं. 'आण्णा, तुमच्या साहेबाने केलं तेच मी केलं. फक्त तो निदान जळण मोजतो. मी बघण्याचं जळण वजा करून टाकलं.'

आण्णांनी हात धुतले, पुसले, परत धुतले.

आई शिवणावरून मान वर न करता म्हणाली, 'मग कोणी बघितलंच नाही, तर ते घड्याळ काटकसरी?'

'हो.'

'आणि मग त्याचा उपयोग काय?'

दशांशदादाला मी जे विचारलं होतं तेच. मला त्यासाठी तक्ता आणि भागाकार लागला. तिला काज करताना सुचलं.

मग आण्णा म्हणाले, 'त्या बाईंना माहीत आहे?'

'नाही.'

'हं.' आणि आत गेले. मला वाटलं, संपलं. आता हे नाव ते कुणाकडून वाचून घेणार?

बुधवार, १२ मार्च

आण्णा कामावरून आले ते पोस्टर गुंडाळी करून काखेत घेऊन. टेबलावर ठेवलं. 'नीट करून दे, मग लावतो. खिळा काढलेला नाही.'

उद्या, गुरुवार, १३ मार्च, सकाळी दहा वाजता. बाईंच्या खोलीत. वेळ विचारायला नाही.