गुरुवारच्या सुईआधी

धुळे,
रविवार, ९ मार्च २०२५

पप्पा,

जय जिनेंद्र. पाया पडते. मम्मीचे गुडघे कसे आहेत? सायरदादी अजून दुपारी गच्चीत पापड राखत बसते का? इकडे उन्हाने आत्ताच अंगणात पाय ठेववत नाही. आम्ही बरे आहोत.

योगराजशी लग्न केल्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. त्याचे मामा, तोतारामभाऊ, उद्या जळगावला येत आहेत. ते दुकानात तुमच्याच हातात पत्र देतील. लग्नाविषयी यात आणखी एक अक्षर नाही. फाडू नका.

जिनेशला युगांडाची नोकरी लागली, फार आनंद झाला. दात दाखवून झाले, रक्त तपासले, मलेरियाच्या गोळ्या आल्या, मम्मी मच्छरदाणीला दुहेरी शिवण घालते आहे. आणि गुरुवारी तुम्ही त्याला पिवळ्या तापाच्या लसीसाठी मुंबईला नेणार.

हे हिला कसे कळले, असे वाटेल. जिनेशच सांगतो. माल पोचवायला धुळ्याला येतो तेव्हा बहिणीकडे जेवतो. एवढ्यावर रागावू नका. रागवायचे कारण पुढे आहे.

ती लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. टोचण्याआधी डॉक्टर विचारतात, अंडे खाऊन कधी त्रास झाला का? जिनेशने तोंड उघडायच्या आत तुम्हीच सांगाल की आमच्या घरात अंडे उंबऱ्याच्या आत आलेले नाही. डॉक्टर हसून पुढचे विचारतील.

पप्पा, त्याला त्रास झाला आहे. दिवाळीनंतर, माझ्या स्वयंपाकघरात. सासूबाई योगराजसाठी अंडी उकडत होत्या. जिनेश म्हणाला, चव तरी बघू. मी अडवले नाही. दोन घास गेले आणि ओठ सुजले, मग आवाज बसला, मग श्वास घेताना शिट्टी वाजू लागली. योगराजने शेजाऱ्याच्या रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता.

मी त्याला सांगून थकले, मुंबईत खरे सांग. तो चेष्टेवारी नेतो. "जीजी, एवढ्याशा सुईत किती अंडं मावणार? पप्पांसमोर बोललो तर विमान राहिलं बाजूला, घरातूनच हाकलतील." वर मला त्याने शपथ घातली. ती मी आज मोडते आहे. आता तो माझ्याकडे यायचा नाही. तुमच्या घरातले तेवढेच एक माणूस येत होते.

काल सासूबाईंना विचारले, काय करू? भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "पोऱ्या वाचना ते रागे भरी. नही वाचना ते कोन रागे भरी?" खरेच, तो जगला तरच रागावेल ना.

लस दिली नाही तर डॉक्टर काही मार्ग काढतील, किंवा नोकरी जाईल. मला माहीत नाही. पण हे सांगितल्याशिवाय त्याच्या दंडाला सुई लागू देऊ नका.

तुम्हाला परक्या माणसांत म्हणावे लागेल की माझ्या मुलाने अंडे खाल्ले आहे. डॉक्टर विचारतील, कुठे? तेव्हा हॉटेलात म्हणू नका, पप्पा. माझ्या मुलीच्या घरी, असे म्हणा.

तुमची,
प्रियल