एका शेअरचे पाच

सुवर्णा,
तुझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांना हिमालयात अस्वलाने अडवून ठेवलंय, ही माझी थाप होती. ते इथेच आहेत. ऑपरेशनसाठी राखलेले पाण्याच्या कंपनीचे शेअर मागच्या वर्षी हजाराला होते, सोमवारी पेपरात भाव दोनशे दिसला. तुला सांगायची छातीच झाली नाही. आज द्वारका चौकात शेअर दलालाकडे गेलो. तिथे कामाला असलेली मुलगी, दिशा, हसायलाच लागली. "आजोबा, कंपनीने एका शेअरचे पाच केलेत. जुना भाव पाचाने भागून बघायचा असतो!" म्हणजे काहीच बुडालं नाही गं! खिचडी झाकून ठेवलीय. मी डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख घ्यायला नाशिक रोडला चाललोय. पहिली मिळेल तीच घेतो. तू बसत बसत जिना चढतेस, ते आता बघवत नाही.
मोतीराम