बोटांकडे बघत

अप्पा, आज मी पेटी वाजवली. तीन वर्षांनी! हे आधी सांगून टाकते, नाहीतर आजाराचंच पुराण सुरू होईल आणि मूळ गोष्ट राहून जाईल.

तुम्ही गेल्यावर मला जो आजार झाला, त्याचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं वेष्टण झिजतं, म्हणून मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत धड पोचत नाही. उन्हात तर अंगातलं सगळं त्राणच जातं, आणि आपल्या जळगाव जामोदचं ऊन तुम्हाला काय सांगायचं! उजव्या हाताची बोटं बधिर झाली, तेव्हाच पेटीवर कापड टाकलं. कारण तुमची शिकवण. मी सातवीत असेन. विहारात तुम्ही भीमगीतं बसवताय, माझी नजर जरा खाली जाते आणि तुमचा आवाज चढतो, "बोटाकडे काय पाहून राह्यली वो? डोये मीट! बोटाले ठाव असते कुठं जाचं." सगळ्यांसमोर! केवढा राग आला होता तुमचा. पण शिकले ती डोळे मिटूनच. आता डोळे मिटले की बोट पट्टीवर आहे की हवेत, तेच कळत नाही. म्हटलं, संपलं आपलं.

आज सकाळी शेजारची वहिनी आली. ती विहारातल्या बायांच्या गाण्यात असते. जयंती तोंडावर आली आणि पेटीवाला मिळेना, म्हणून हैराण. मी तिला बोटांचं रडगाणं ऐकवलं. ती म्हणाली, "डोयाले तं दिसते ना तुह्या? मंग पाहून वाजव ना वो!"

अप्पा, एवढी साधी गोष्ट मला तीन वर्षांत सुचली नाही! मानेभोवती ओला टॉवेल गुंडाळला, डाव्या हाताने भाता धरला आणि नजर सरळ पट्ट्यांवर. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा अख्खं कडवं निघालं. वहिनी गाता गाता थांबून ओरडली, "अवो माय, वाजली ना!" हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी. वीस मिनिटं असतील. तेवढ्या वेळात ना पाय आठवले, ना इंजेक्शन. नंतर दोन तास आडवी पडले, पण सुखाने पडले.

जयंतीला सकाळच्या गारव्यात दोन गाणी वाजवीन, असं कबूल करून बसलेय. सगळ्या वस्तीसमोर, खाली बघत. धडधडतंय, पण मजा येतेय हो!

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. आणि बरंच आहे ते. कारण खरं सांगते अप्पा, तुम्ही असता ना, तर आज पेटी उघडायची माझी हिंमतच झाली नसती.