पर्समधला कागद

चौल, मंगळवार संध्याकाळ

खोटं बोलले आज. अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नसबंदीच्या वेळी नळ्यांना रिंग घातली होती की नळ्या कापल्या होत्या?" म्हटलं, कापल्या होत्या, कागद हरवला. कागद पर्समध्येच होता. त्यावर स्वच्छ 'रिंग' लिहिलंय. बाई म्हणाल्या, रिंग असती तर नळ्या पुन्हा जोडून दिवस राहायची आशा जास्त होती, तरी खात्री नाहीच, आणि गर्भ नळीतच अडकायचा धोका असतो. हे उठून गाडी काढायला गेले.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. एवढी सुपारीची वाडी, पुढे बघायला कोण हाय?" माझ्या दोन्ही मुली समोरच सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. धाकटीचा हात थांबला.

मग मी खोटं का बोलले? भ्याले? ऑपरेशन तर आम्ही दोघांनी ठरवून केलं होतं. मला तिसरं मूल नकोय. एवढं सांगायला नळ्या कापलेल्या कशाला लागतात?

जेवणं झाली की तो कागद पर्समधून काढून यांच्या पुढ्यात ठेवणार, मुलींच्या देखत. रिंगच आहे. नळ्या जोडता येतीलही. मी जोडून घेणार नाही.